शेऱ्याचा रकाना

रविवार, अकरा जानेवारी. वेळ सकाळी साडेदहा. स्थळ: नगर, सावेडी, वधूवर सूचक केंद्राचं ऑफिस, मेडिकलच्या दुकानावरचा पहिला मजला. हजर: केंद्राचे संचालक, निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणतात; त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या काकू, संगणकासमोर; माझी धाकटी बहीण, म्हणजे अर्जदार; मी, अर्जदाराची मोठी बहीण; आणि मुलासाठी स्थळ बघायला तिसगावहून आलेले एक शेतकरी. त्यांचा आमच्या कामाशी काही संबंध नव्हता, पण ते शेवटपर्यंत हजर राहिले, म्हणून त्यांचंही नाव हजेरीत धरते.

मी एका कॉलेजात वरिष्ठ लिपिक आहे. बावीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिते. आधी तारीख, मग हजेरी, मग विषय, ही सवय घरीही सुटलेली नाही. त्या दिवशीच्या नोंदी माझ्या वहीत आहेत आणि त्या समोर ठेवूनच हे लिहितेय. विषय एकच होता: केंद्राने माझ्या बहिणीबद्दल काय लिहून ठेवलंय, ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

बहीण त्रेचाळीस वर्षांची. नवरा आजारपणात गेला त्याला सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. पाथर्डी तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात ती परिचारिका आहे. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने माझ्याकडे येते, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जाते. त्याआधीच्या गुढीपाडव्याला सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "ताई, मला परत लग्न करावंसं वाटतंय."

मी कप खाली ठेवला आणि वही आणली.

"लगेच वही कशाला? नुसतं म्हटलं मी."

"नुसतं म्हणून होत नाही. काय काय लागेल ते लिहून काढू."

त्या आठवड्यात तिचं लसीकरणाचं काम होतं, म्हणून केंद्रात जाऊन फॉर्म मीच भरला. पुनर्विवाहाचा फॉर्म वेगळ्या रंगाचा असतो, फिकट पिवळा. फोटो, आधारची प्रत, जन्मवेळ, नोकरीचा दाखला, सगळं क्रमाने लावून दिलं. संपर्काच्या ओळीत माझा नंबर लिहिला. तिच्या उपकेंद्रात रेंज धड नसते हे एक कारण. दुसरं म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या फॉर्मवर बाईचा स्वतःचा नंबर कोणी देत नाही. वडील, भाऊ, मामा, कोणीतरी मधे उभं असतं. वडील नाहीत, भाऊ नाही, मामा थकलेले. तेव्हा मधे उभं राहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते नीट करायचं ठरवलं.

नऊ महिन्यांत सात फोन आले. मी त्यांचा तक्ता केला होता. क्रमांक, तारीख, गाव, कामधंदा, काय बोलणं झालं, पुढे काय. शेवटचा रकाना सातही ठिकाणी कोरा राहिला. प्रत्येक माणूस फोनवर सभ्यपणे बोलायचा, "घरी विचारून कळवतो" म्हणायचा आणि परत कधी त्याचा फोन यायचा नाही. मी केंद्रात विचारलं की काकू म्हणायच्या, "त्यांचं जमत नाही म्हणाले." का जमत नाही ते सांगायच्या नाहीत.

सुरुवातीला बहीण आल्या आल्या विचारायची, "आला का कुणाचा फोन?" गणपतीनंतर तिने विचारणं बंद केलं. दिवाळीत म्हणाली, फोटो बदलू या का. सातवा माणूस गप्प झाल्यावर ती भांडी पुसत होती, पाठ माझ्याकडे होती, आणि तशीच म्हणाली, "चौकशीत कुणीतरी सांगत असणार, ही पांढऱ्या पायाची आहे म्हणून. त्यांच्याकडे तसं लिहिलेलंच असेल."

"कोण लिहिणार असलं?"

"चौकशीची वही असते ना त्यांच्याकडे. लोक काय वाट्टेल ते सांगतात. सासरी दोघी तिघी बोलायच्याच तसं, मी होते तेव्हाच." मग ती वळली. "ताई, संक्रांतीपर्यंत थांबते. मग माझं नाव काढून टाक. परत विषय नको."

ती शांतपणे बोलली, आणि तिचं शांतपणे बोललेलं ती बदलत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणजे माझ्या हातात पाच आठवडे होते.

त्याच सुमाराला आमच्या कॉलेजात नव्या कायद्याबद्दल एक प्रशिक्षण झालं. लोकांची वैयक्तिक माहिती संगणकावर ठेवणाऱ्या सगळ्यांसाठी तो कायदा आहे. विद्यार्थ्यांची माहिती कशी सांभाळायची यावर दोन तास बोलणं झालं. इतिवृत्त मी लिहिलं. मुद्दे असे: आपल्याबद्दल कोणती माहिती ठेवली आहे हे माणसाला विचारता येईल, ती कोणाकोणाला दिली हे विचारता येईल, चुकीची असेल तर दुरुस्त करून घेता येईल, नको असेल तर काढून टाकायला सांगता येईल. बाकीचे प्रवेश अर्जांचा विचार करत होते. मी त्या मुद्द्यांच्या शेजारी पेन्सिलीने चांदणी काढली आणि खाली लिहिलं, "पिवळा फॉर्म".

दुसऱ्या दिवशी अर्ज टाइप केला. दोन प्रती, एक त्यांच्यासाठी, एक पोच घेण्यासाठी. सरांनी अर्ज उभ्या उभ्या वाचला. ते पस्तीस वर्षं शाळेत होते, अजूनही खिशाला लाल पेन असतं. अर्जाखालच्या माझ्या सहीला त्यांनी लाल गोल केला.

"सही तुमची आहे."

"मी तिची मोठी बहीण. फॉर्म मीच भरला होता."

"बाई, माहिती कोणाची?"

"बहिणीची."

"मग सही बहिणीची पाहिजे. आणि ती स्वतः आली पाहिजे. मी उद्या कोणाच्याही ताईला कोणाचीही फाईल दाखवायची का?"

पोच दिली नाही. मी चिडून जिना उतरले. स्कूटीपर्यंत पोचेपर्यंत मला कबूल करावं लागलं की त्यांचं बरोबर आहे. माझ्याच इतिवृत्तात तसं होतं, "ज्याची माहिती आहे त्याने". मी ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि अर्ज करताना विसरले होते.

बहिणीला तयार करायला तीन रविवार गेले. तिला तिथे जायचंच नव्हतं. "काय लिहिलंय ते मला माहीत आहे, वाचून काय करू?" असं ती म्हणायची. शेवटी मी म्हटलं, "नाव काढायचं असलं तरी तुझीच सही लागणार आहे. मग एकदाच चल." हे खरंही होतं. म्हणून ती आली.

तर अकरा जानेवारी.

सरांनी तिची सही पाहिली, नाव आणि फोटो आधारशी ताडून पाहिले, आणि अर्ज टेबलावर ठेवला. मग चष्मा पुसत म्हणाले, "अर्ज बरोबर आहे. पण हा कायदा मीही वाचलाय. माहिती पाहायच्या हक्काची कलमं अजून लागू झालेली नाहीत. लागू व्हायला अवकाश आहे."

"मला माहीत आहे सर."

"मग लागू झाल्यावर या."

"तिला संक्रांतीपर्यंतच थांबायचंय."

"आणि दुसरं असं, की चौकशीचे शेरे आमच्या वहीत असतात. हाताने लिहिलेल्या वहीला तो कायदा नाही."

हेही त्यांचं बरोबर होतं. उत्तर काकूंनी दिलं, संगणकावरून मान न वळवता. "वही कुठली आता? मागच्या उन्हाळ्यात सगळी मी यात चढवली नाही का? डोळे गेले माझे."

खाली रस्त्यावरच्या पाटीवर केंद्राच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "संपूर्ण संगणकीकृत". मी ते बोलून दाखवलं नाही. सरांनाही आठवलं असावं, कारण ते काकूंकडे बराच वेळ बघत राहिले.

भिंतीजवळच्या बाकावर तिसगावचे काका मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. ते म्हणाले, "दाखवा की सर. तिचंच हाय न्हवं ते?"

"तुम्ही बसा हो जरा."

"बसलोच हाय मी. सकाळधरनं बसलोय."

सर आता माझ्याशी नाही, बहिणीशी बोलले. "ताई, असं बघा. लोक आम्हाला विश्वासाने सांगतात. कोण काय म्हणालं ते मी दाखवायला लागलो तर उद्या कोणी खरं सांगणार नाही. मग चौकशी कशी करायची?"

मी तोंड उघडलं होतं. बहिणीने माझ्या हातावर हात ठेवला.

"सर, कोण म्हणालं ते मला नको," ती म्हणाली. "नावं झाका. माझ्याबद्दल काय लिहिलंय तेवढंच बघते. लोकांना माझ्याबद्दल जे माहीत आहे ते मला माहीत नाही, असं नऊ महिने चाललंय."

 सरांनी लाल पेनचं टोपण दोनदा काढलं, दोनदा लावलं.

"मी पस्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं," ते शेवटी म्हणाले. "हक्क आहे पण तारीख आली नाही, असं मी मुलांना सांगितलं असतं का, कोण जाणे." मग काकूंना म्हणाले, "उघडा यांची फाईल. नावांवर काहीतरी लावा."

काकूंनी जुन्या कॅलेंडरच्या पानाची उभी पट्टी फाडली, स्क्रीनच्या डाव्या कडेला सेलोटेपने चिकटवली आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. तिसगावचे काका बाकावरून पुढे सरकले. सरांनी त्यांच्याकडे पाहिल्यावर ते परत मागे सरकले, पण थोडेच.

वरच्या भागात सगळं मी दिलं होतं तसंच होतं. नाव, वय, उंची, नोकरी. "स्वभाव" या शब्दापुढे मी फॉर्मवर लिहिलं होतं "शांत". तिथे मात्र आता "कडक" होतं. त्याखाली शेऱ्याचा रकाना. बहीण एकेक शेरा मोठ्याने वाचायला लागली. 

"एक. बाईंनी फोनवर वीस मिनिटं प्रश्न विचारले. आम्हाला बोलू दिलं नाही." ती थांबली. "दोन. पगाराची पावती आणि मागच्या वर्षी घेतलेल्या रजा विचारल्या. तीन. बाई नोकरीत वरिष्ठ असाव्यात असं बोलण्यावरून वाटतं. भीती वाटली. चार. रक्तगट विचारला. आम्ही हसलो ते आवडलं नाही. पाच. घरात आधी कोण उठतं, पाणी कोण भरतं, असं विचारलं आणि उत्तर लिहून घेत होत्या. सहा. स्थळ चांगलं आहे, पण बाई हुकूम देणाऱ्या आहेत. सात. सहाप्रमाणेच."

 बहिणीने रकाना परत वरपासून खालपर्यंत बोट धरून पाहिला.

"एवढंच आहे?"

"एवढंच," काकू म्हणाल्या.

"माझ्या नवऱ्याबद्दल काही? सासरच्यांनी काही सांगितलं का?"

"सासरी आम्ही फोनच केला नव्हता. चौकशीपर्यंत एकही स्थळ पोचलं नाही ना. फोनवरच सगळे घाबरले."

बहीण माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. डोळे भरलेले होते आणि तोंड हसायला लागलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "ही तू आहेस."

मग ती हसली. नवरा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तोंडावर पदर धरला तरी थांबेना. काकूही हसायला लागल्या. मी मात्र सरळ बसून होते आणि माझे कान गरम झाले होते, कारण मला एकेक फोन आठवत होता. ती माणसं सुरुवातीलाच विचारायची, "आपणच बोलताय ना?" आणि मी म्हणायचे, "हो, बोला." मला वाटायचं, फॉर्मवर ज्यांचा नंबर आहे त्या आपणच का, असं ते विचारताहेत. त्यांना वाटायचं, जिच्याशी लग्न करायचं ती हीच. पुढे माझ्यासमोर एकोणीस प्रश्नांची यादी असायची. ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत विचारायचे.

"म्हणजे या सात जणांशी तुम्ही बोललात?" सरांनी मला विचारलं.

"हो."

"आणि या?"

"ती कोणाशीच बोललेली नाही."

सरांनी कपाळाला हात लावला. बाकावरून आवाज आला, "मंग सात जन ताईंनाच नको म्हनले की." सरांनी यावेळी त्यांना काही म्हटलं नाही.

लाजायला वेळ नव्हता. दुरुस्तीचा कोरा अर्ज मी आधीच तयार करून आणला होता, चुका लिहायच्या जागी कोऱ्या रेषा सोडून. तो बहिणीपुढे ठेवला आणि मजकूर सांगू लागले. दोन शब्दांनंतर तिने पेन उचललं आणि म्हणाली, "मी लिहिते." तिने जे लिहिलं त्याची प्रत माझ्याकडे आहे: "शेरा क्रमांक एक ते सात हे माझ्याबद्दल नसून माझ्या मोठ्या बहिणीबद्दल आहेत. माझ्याशी आजपर्यंत कोणीही बोललेलं नाही. स्वभाव या ठिकाणी कडक काढून पूर्वीप्रमाणे शांत लिहावे. संपर्कासाठी माझा नंबर पुढीलप्रमाणे." आणि तिने स्वतःचा नंबर घातला.

"तुझ्याकडे रेंज नसते," मी म्हटलं.

"संध्याकाळी टाकीजवळ येते. तिथे उभी राहीन."

काकूंनी आमच्यासमोर एकेक शेरा काढला. "कडक" पुसलं, "शांत" टाइप केलं. सरांनी नव्या कार्डाची छापील प्रत दिली, अर्जावर शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. पोच मिळाली. मी ती फोल्डरमध्ये ठेवली आणि पुढचा मुद्दा काढला. हे कार्ड कोणाकोणाला गेलं?

या प्रश्नाला सरांनी हरकत घेतली नाही. दर महिन्याला आसपासची केंद्रं एकमेकांना स्थळं पाठवतात, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. बहिणीचं कार्ड संगमनेर, श्रीरामपूर आणि जामखेडला गेलं होतं, शेऱ्यांसकट. तिन्ही केंद्रांचे पत्ते त्यांनी लाल पेनने एका कागदावर लिहून दिले आणि म्हणाले, "मी फोन करतोच, पण तुम्ही अर्जही पाठवा. आणि पोच घ्या."

"आणखी एक," मी म्हटलं. "काढलेल्या शेऱ्यांची एक प्रत मला हवी."

"ती कशाला? तुमची नोंदणी कुठे आहे आमच्याकडे?"

"नोंदणी नाही, पण माहिती माझीच होती ना?"

सरांनी काकूंना सांगितलं, "काढण्याआधी छापलेलं पान द्या त्यांना." ती प्रत माझ्या कपाटात आहे. पाचवा शेरा मला मान्य नाही. उत्तर मी लिहून घेत नव्हते, फक्त बरोबरची खूण करत होते.

आम्ही उठणार तेवढ्यात तिसगावचे काका टेबलापाशी आले. "आमच्या पोराचं बी दाखवा की. दोन वर्सं झाली नाव घालून."

"मुलगा आलाय का? त्याची सही लागते," सर म्हणाले.

"खाली टपरीवर हाय. बोलवतो." त्यांनी खिडकीतून हाक मारली. मुलगा वर आला, तिशीचा, पांढरा शर्ट, सही केली. काकूंनी पट्टी सरकवून फाईल उघडली. शेरा एकच होता आणि तो चार वेगवेगळ्या माणसांनी सांगितला होता: वडिलांसमोर मुलगा बोलत नाही, सगळं वडीलच बोलतात.

मुलगा खाली बघत राहिला. काकांनी शेरा दोनदा वाचून घेतला.

"दुरुस्त करायचं का काही?" सरांनी विचारलं.

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "न्हाई. खरं हाय ते. राहू द्या." मग मुलाला म्हणाले, "तू बस आता. मी खाली चहा पितो." आणि खरंच गेले.

परतताना बहीण स्कूटीवर मागे बसली होती आणि मधूनच हसत होती. तिचं हसणं मला पाठीला कळत होतं. प्रोफेसर कॉलनीच्या चौकात रसवंतीपाशी तिने थांबायला लावलं. रस येईपर्यंत म्हणाली, "तो तक्ता काढ."

तक्ता माझ्या पर्समध्येच होता. तिने बोट फिरवत चौथ्या ओळीवर ठेवलं. राजूर, बियाणं आणि खताचं दुकान, वय सत्तेचाळीस, बायको चार वर्षांपूर्वी वारलेली.

"हा हसला तो का?"

"रक्तगट विचारला तर म्हणाला, बाई, मला लग्न करायचंय, रक्त द्यायचं नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, प्रश्नाचं उत्तर द्या."

तिने ग्लास हातात घेतला, पण प्यायली नाही. "ह्याला मी फोन करते," ती म्हणाली.

आमच्याकडे बाईने स्वतःहून फोन करायची पद्धत नाही. मी हे म्हणणार होते. पण पद्धतीप्रमाणे चालून नऊ महिने काय झालं ते एवढ्यात स्क्रीनवर वाचून आले होते, म्हणून नंबर तिच्या मोबाईलवर पाठवला.

फोन तिने त्याच दुपारी केला, माझ्या गच्चीत कपडे वाळत घातले होते त्यांच्या मागे उभं राहून. मी खाली भाजी निवडत होते. सुरुवातीचं तेवढं मला ऐकू आलं. "नाही, त्या दिवशी बोलल्या त्या माझ्या ताई... हो, मोठ्या... नाही, मी वेगळी आहे." मग ती हसली आणि गच्चीच्या पलीकडच्या टोकाला गेली. फोन संपल्यावर खाली आली तेव्हा भाजी फोडणीला टाकून झाली होती.

"काय म्हणाले?"

"विचारत होते, लग्नाला ताई येणार आहेत का."

"आणि बाकी?"

"बाकी सांगणार नाही."

संक्रांत आली आणि गेली. नाव काढण्याचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. फेब्रुवारीत ते दोघं संगमनेरला भेटले, स्टँडसमोरच्या हॉटेलात. मला बरोबर नेलं नाही. मी एकोणीस प्रश्नांची यादी करून दिली होती, ती तिने जाताना माझ्या देवघरात ठेवून दिली, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली. रात्री आठच्या आत परत आली. म्हणाली, त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, दुकान सकाळी नऊला उघडतात, आणि पाणी तेच भरतात. म्हणजे पाचव्या शेऱ्यातला प्रश्न तिनेही विचारलाच होता.  मार्चमध्ये मी राजूरला जाऊन आले. घाटातून वर जाताना गाडी लागली, पण दुकान पाहिलं, घर पाहिलं, त्यांच्या आईच्या हातचं जेवले. दुकानात पोत्यांची थप्पी सरळ होती आणि मालाची यादी दाराला लावलेली होती. तारखेप्रमाणे. मला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. त्यांनीच विचारलं, "रक्तगट सांगू का ताई? बी पॉझिटिव्ह." मी वहीत लिहून घेतला.

एप्रिलमध्ये दोघांनी नोंदणी विवाहाची नोटीस दिली. त्याच आठवड्यात बहिणीने शेवटचा अर्ज केला, स्वतः लिहून, स्वतः जाऊन: माझी सर्व माहिती काढून टाकावी. सरांनी काकूंकडून फाईल पुसून घेतली आणि काढल्याचा दाखला दिला. दाखल्याखाली लाल पेनने "अभिनंदन" लिहिलं. तसं दाखल्यावर लिहायचं नसतं, पण मी ते चालवून घेतलं. तिसगावच्या काकांच्या मुलाचं जमलंय, हेही त्यांनीच सांगितलं. पाहायला मुलगा एकटा गेला होता.

संगमनेरची पोच आली. श्रीरामपूरची पोच आली, त्यांनी तर नव्या कायद्याचा हवालाही दिला. जामखेडची आलेली नाही. दोन पत्रं रजिस्टरने पाठवली. फोनवर तिथले गृहस्थ म्हणतात, संगणक दुरुस्तीला गेलाय, आला की काढतो. म्हणजे तिथे माझी बहीण अजून कडक आहे, हुकूम देणारी आहे आणि लग्नाला उपलब्ध आहे. मी स्वतः जायचं ठरवलं. दोन वेळा रजा टाकली आणि दोन्ही वेळा परीक्षेच्या कामात अडकले. फोल्डर भरून ठेवलाय: अर्ज दोन प्रतीत, तिची सही, आधारची प्रत, सरांचा दाखला. माळीवाडा स्टँडवरून जामखेडची गाडी सकाळी आहे. जायचं राहिलंय.